पुढच्या आठवड्याचं कामकाज: विचारायचं कुठे, कधी आणि कोणत्या कागदावर

अधिवेशन जवळ आलं की या सदराकडे येणाऱ्या पत्रांत एक प्रश्न निरनिराळ्या शब्दांत येतो: सरकार सभागृहात उद्या-परवा काय करणार आहे, हे त्याला विचारता येतं का? या अंकात तेवढीच पत्रं घेतली आहेत.

प्रश्न: संसदेचं प्रक्षेपण पाहताना शुक्रवारी एक मंत्री ‘पुढील आठवड्याचं शासकीय कामकाज’ वाचून दाखवतात. त्यावर काही खासदार दोन-दोन विषय सुचवतात. मंत्री मात्र उत्तर देत नाहीत. मग हा सोपस्कार कशासाठी? (विद्यार्थिनी, लातूर)

कागदपत्रं पटलावर ठेवून झाली की संसदीय कामकाज मंत्री किंवा त्यांचे राज्यमंत्री हे निवेदन करतात. त्याचा साचा ठरलेला आहे. आजच्या कार्यसूचीतलं शिल्लक काम पुढे चालेल, अमुक विधेयकं विचारात घेऊन मंजूर करायची आहेत, तमुक मंत्रालयांच्या अनुदानाच्या मागण्यांवर (म्हणजे त्यांच्या खर्चाच्या मंजुरीवर) चर्चा आणि मतदान व्हायचं आहे. कोणत्या वारी काय आणि किती तास, हे त्यात नसतं. यादी म्हणजे सरकारचा इरादा. त्यातलं निम्मं काम झालं नाही तरी कुठला नियम मोडत नाही.

निवेदनानंतर बोलणाऱ्या खासदारांनी आधी लेखी सूचना दिलेली असते. ‘पुढील आठवड्याच्या कार्यसूचीत हे विषय घ्यावेत’ एवढंच म्हणायचं आणि विषय वाचायचे. भाषणाला जागा नाही. उत्तर मिळत नसलं तरी दोन गोष्टी घडतात. अमुक तारखेला अमुक सदस्यानं हा विषय मागितला होता, हे सभागृहाच्या छापील वृत्तान्तात कायमचं नोंदलं जातं. दुसरं, गटनेत्याला कामकाज सल्लागार समितीत तीच मागणी रेटायला आधार मिळतो.

मात्र ही संधी बहुतेक वेळा वाया जाते, आणि त्यात सरकारचा दोष नसतो. खासदार इथे मतदारसंघाची गाऱ्हाणी वाचतात: आमच्या स्थानकावर गाडीला थांबा द्या, आमच्या रस्त्याचं चौपदरीकरण करा. थांबा हा सभागृहाच्या कार्यसूचीचा विषय होऊच शकत नाही. त्यासाठी लोकसभेत नियम ३७७ खालची सूचना आहे, जी एका सदस्याला आठवड्यातून एकदा मिळते. शुक्रवारी मागायचं ते ‘रेल्वे मंत्रालयाच्या मागण्या चर्चेला घ्या’ किंवा ‘अमुक समितीच्या अहवालावर नियम १९३ खाली (मतदान नसलेली) चर्चा ठेवा’. म्हणजे ज्यासाठी सभागृहाचा वेळ राखून ठेवता येईल, असं काहीतरी.

प्रश्न: ही कामकाज सल्लागार समिती नेमकं काय ठरवते? तिथे विरोधकांना ‘नाही’ म्हणता येतं का? (निवृत्त शिक्षक, पुणे)

कोणत्या कामाला किती वेळ द्यायचा, हे समिती ठरवते. कोणतं काम आणायचं, हे मुळात सरकार ठरवतं. लोकसभेच्या नियम २५ प्रमाणे शासकीय कामकाजाच्या दिवशी त्या कामाला अग्रक्रम असतो आणि क्रम लावताना अध्यक्ष सभागृह नेत्याचा सल्ला घेतात. शुक्रवारचे शेवटचे अडीच तास तेवढे अशासकीय कामकाजासाठी, म्हणजे मंत्री नसलेल्या सदस्यांच्या विधेयकांसाठी आणि ठरावांसाठी, राखीव आहेत.

लोकसभेच्या समितीत अध्यक्षांसह जास्तीत जास्त १५ सदस्य असतात आणि अध्यक्षच तिचे प्रमुख असतात. राज्यसभेत ती ११ जणांची असून सभापती प्रमुख असतात. लोकसभेची पहिली समिती जुलै १९५२ मध्ये स्थापन झाली. तेव्हा अध्यक्षपदी मराठी घरातले गणेश वासुदेव मावळंकर होते. समितीत मतदानानं निर्णय घेण्याची रीत नाही, सहमतीवर काम चालतं. त्यामुळे विरोधक ‘नाही’ म्हणू शकतात, पण त्यानं विधेयक थांबत नाही. फार तर दोन तासांचे चार तास होतात.

या तासांचं पुढे काय होतं, ते पाहण्यासारखं आहे. वेळ पक्षांमध्ये संख्याबळानुसार वाटला जातो. समजा एका विधेयकाला चार तास, म्हणजे २४० मिनिटं मिळाली. २०२४ च्या निकालानंतरचं संख्याबळ धरून सरळ हिशेब केला, तर २४० जागांच्या भाजपला सुमारे १०६ मिनिटं, ९९ जागांच्या काँग्रेसला ४४ आणि ९ जागांच्या शिवसेना (उद्धव बाळासाहेब ठाकरे) पक्षाला ४ मिनिटं येतात. प्रत्यक्षात अध्यक्ष थोडं इकडे-तिकडे करतात, पण लहान पक्षाचा खासदार ‘माझं एकच वाक्य राहिलं’ म्हणत का उभा असतो, ते यातून कळेल. विधेयकाचा वेळ एक तासानं वाढला तरी त्या चार मिनिटांची पाचच होतात. म्हणून लहान पक्षांनी समितीत वेळ वाढवून घेण्यापेक्षा स्वतंत्र विषयावरची चर्चा मागण्यात शक्ती घालावी, असं आमचं मत आहे.

समितीचा अहवाल सभागृहापुढे येतो तेव्हा तो मान्य करण्याचा प्रस्ताव मांडला जातो. हा क्षण बहुतेकांच्या नजरेतून सुटतो. नियम २९० नुसार ‘अहवाल समितीकडे परत पाठवावा’ अशी दुरुस्ती इथे मांडता येते. चर्चेला कमाल अर्धा तास आणि प्रत्येकाला पाच मिनिटं. पुढच्या कामकाजाची आखणी चुकीची आहे, असं खुद्द सभागृहात बोलण्याची नियमातली ही पक्की जागा आहे. पण प्रस्ताव काही सेकंदांत आवाजी मतानं संमत होतो, कारण आपापले गटनेते समितीत मान डोलावून आलेले असतात.

एकदा वेळ ठरला की तो संपताना अध्यक्ष उरलेल्या सगळ्या बाबी थेट मताला टाकतात. अर्थसंकल्पाच्या वेळी यालाच गिलोटिन म्हणतात. १४ मार्च २०१८ ला लोकसभेत गदारोळातच मंत्रालयांच्या मागण्या आणि वित्त विधेयक चर्चेविना मंजूर झालं, ते याच मार्गानं.

प्रश्न: यादीत नाव नसलेलं विधेयक सरकार अचानक कसं आणतं? मग यादी छापायचीच कशाला? (वकील, ठाणे)

नियम ३१ सांगतो की दिवसाच्या कार्यसूचीत नसलेलं काम अध्यक्षांच्या परवानगीशिवाय घेता येत नाही. सगळी मेख ‘परवानगीशिवाय’ या शब्दात आहे. परवानगी मिळाली की पुरवणी कार्यसूची निघते आणि काम रीतसर यादीत येतं.

अध्यक्षांच्या निर्देशांमधला १९-ख हा निर्देश म्हणतो की मांडण्याआधी किमान दोन दिवस विधेयकाच्या प्रती सदस्यांना मिळाल्या पाहिजेत. वित्त आणि विनियोजन विधेयकांना यातून सूट आहे. इतर विधेयकांसाठी मंत्र्यानं कारणं दिली तर अध्यक्ष ही अट शिथिल करू शकतात. राज्यसभेतही सभापतींना असाच अधिकार आहे. ५ ऑगस्ट २०१९ ला जम्मू-काश्मीर पुनर्रचना विधेयक त्या आधारे राज्यसभेत आलं आणि त्याच दिवशी मंजूरही झालं.

सप्टेंबर २०२३ चं विशेष अधिवेशन तर अभ्यासासाठीच घ्यावं असं आहे. १८ ते २२ सप्टेंबर या तारखा ३१ ऑगस्टला जाहीर झाल्या, पण विषय सांगितले नाहीत. ६ सप्टेंबरला सोनिया गांधींनी पंतप्रधानांना पत्र लिहून कार्यसूची विचारली आणि चर्चेसाठी नऊ विषय सुचवले. १३ तारखेला जी तात्पुरती यादी आली तिच्यात संसदेच्या ७५ वर्षांच्या वाटचालीवर चर्चा आणि चार विधेयकं होती. महिला आरक्षणाचं विधेयक त्यात नव्हतं. ते १९ तारखेला नव्या इमारतीतल्या पहिल्याच बैठकीत पुरवणी कार्यसूचीतून मांडलं गेलं. प्रत हाती नाही म्हणून विरोधकांनी आरडाओरडा केला. प्रत सदस्यांच्या पुढच्या पडद्यावर टाकली आहे, असं त्यांना सांगण्यात आलं. २० ला लोकसभेत ४५४ विरुद्ध २ आणि २१ ला राज्यसभेत २१४ विरुद्ध ० मतांनी ते मंजूर झालं. अधिवेशन एक दिवस आधीच संपलं. त्या अधिवेशनात प्रश्नोत्तराचा तासही नव्हता. म्हणजे विचारण्याची जागा आणि विषयाची पूर्वसूचना, दोन्ही एकदमच नाहीशा झाल्या. विधेयकाला जवळपास सगळ्यांचा पाठिंबा होता म्हणून पद्धतीवरची तक्रार मागे पडली. पाठिंबा नसलेल्या विधेयकाला हीच पद्धत लावली तर काय होईल, हे तुम्ही वकील म्हणून ताडू शकाल.

पुरवणी यादीचा खरा फटका मुदतींना बसतो. विधेयक मांडायलाच विरोध करायचा असेल तर नियम ७२ खाली त्या दिवशी सकाळी १० पर्यंत सूचना द्यावी लागते. यादीच दुपारी निघाली तर १० ची वेळ आधीच उलटून गेलेली असते. मग बोलू द्यायचं की नाही हे अध्यक्षांच्या मर्जीवर येतं. दुरुस्त्यांची सूचना विधेयक विचारात घेण्याच्या आदल्या दिवशी द्यायची असते. आज मांडलेलं विधेयक उद्याच घेतलं, तर वाचन, अभ्यास आणि दुरुस्तीचा मसुदा हे सगळं एका संध्याकाळी उरकायला हवं. दुरुस्त्या कमी येतात त्याचं एक कारण हे आहे. दुसरं कारण आळस.

प्रश्न: बियाण्यांचा नवा कायदा संसदेत कधी येणार, हे आमच्या खासदारांमार्फत सरकारला विचारायचं आहे. पत्र दोनदा दिलं, काही झालं नाही. प्रश्न कसा लिहून द्यावा? (शेतकरी, जालना)

‘विचारा’ असं पत्र देऊ नका. तयार प्रश्न द्या, तोही वेळेत द्या.

आधी वेळेचं पाहू. लोकसभेत प्रश्नाची सूचना किमान १५ पूर्ण दिवस आधी लागते. सूचना दिल्याचा आणि उत्तराचा, हे दोन्ही दिवस त्यात धरत नाहीत. उत्तर २४ तारखेला हवं असेल तर सूचना ८ तारखेला पोहोचली पाहिजे. मंत्रालयांचे पाच गट केलेले असतात आणि प्रत्येक गटाला आठवड्यातला एक वार ठरलेला असतो. कृषी मंत्रालयाचा वार आणि सूचनांच्या शेवटच्या तारखा अधिवेशन बोलावलं जाताच लोकसभेच्या बुलेटिनच्या भाग २ मध्ये येतात. त्या तारखेच्या आठवडाभर आधी तुमचा कागद खासदारांच्या दिल्लीतल्या स्वीय सहायकाकडे हवा. गावच्या कार्यालयात दिलेला कागद तिथेच राहतो.

दुसरं, तारांकित प्रश्नाचा, म्हणजे सभागृहात तोंडी उत्तर मिळणाऱ्या प्रश्नाचा, हट्ट धरू नका. एका दिवशी एका सदस्याला पाच सूचना देता येतात, पण त्यांतला एकच तारांकित म्हणून स्वीकारला जाऊ शकतो. सगळ्यांच्या सूचनांमधून सोडत काढून २० तारांकित निवडले जातात आणि त्यांतले यादीच्या वरचे मोजकेच तोंडी उत्तरापर्यंत पोहोचतात. अतारांकित मात्र दिवसाला २३० पर्यंत असतात. त्यात उपप्रश्न विचारता येत नाही, पण स्वीकारला गेला की लेखी उत्तर हमखास मिळतं आणि पुढे पुरावा म्हणून दाखवता येतं. तुम्हाला आकडे आणि तारखा हव्या आहेत. त्यासाठी अतारांकितच बरा.

आता मजकूर. कमाल १५० शब्द. युक्तिवाद, उपरोध, आरोप किंवा मत विचारणं असलं तर नियम ४१ खाली प्रश्न फेटाळला जातो. ‘शेतकऱ्यांची लूट थांबवण्यासाठी सरकार कायदा कधी आणणार?’ हा प्रश्न ‘लूट’ या शब्दापाशीच अडेल. मंत्रिमंडळात काय चर्चा झाली, हेही विचारता येत नाही. शिवाय शेती हा राज्यांचा विषय असल्यामुळे ‘आमच्या तालुक्यात बियाणं उगवलं नाही, कारवाई काय केली’ असं विचारलं तर ‘ही बाब राज्य सरकारची’ म्हणून कागद परत येतो. केंद्राचा कायदा, केंद्राचा मसुदा, केंद्राकडची आकडेवारी एवढ्यातच राहा. उदाहरणार्थ:

(क) बियाणे कायदा, १९६६ च्या जागी नवा कायदा करण्याचा सरकारचा प्रस्ताव आहे का; असल्यास त्याचा तपशील काय;
(ख) त्याचा मसुदा सूचना-हरकतींसाठी कोणत्या तारखेला प्रसिद्ध केला, मुदत किती दिवसांची होती आणि किती सूचना आल्या;
(ग) कोणत्या राज्य सरकारांनी लेखी अभिप्राय दिले;
(घ) गेल्या तीन वर्षांत १९६६ च्या कायद्याखाली तपासलेले व निकृष्ट ठरलेले बियाण्यांचे नमुने किती, राज्यनिहाय;
(ङ) विधेयक संसदेत मांडण्याची अपेक्षित कालमर्यादा काय?

(घ) हा भाग मुद्दाम वेगळा ठेवला आहे. सगळे भाग (क) वर अवलंबून असले आणि त्याचं उत्तर ‘नाही’ आलं, तर खाली एकच ओळ येते: ‘(ख) ते (ङ): प्रश्न उद्भवत नाही.’ मंत्रालयांचं हे लाडकं वाक्य आहे. एखादा भाग स्वतःच्या पायावर उभा असला म्हणजे अगदी रिकाम्या हातानं परतावं लागत नाही.

(ख) मध्ये मुदतीचे दिवस विचारले आहेत त्यालाही कारण आहे. २०१४ मध्ये केंद्रानं ठरवलेल्या कायदापूर्व सल्लामसलतीच्या धोरणात मसुदा किमान ३० दिवस लोकांपुढे ठेवावा, असं म्हटलं आहे. ते धोरण आहे, कायदा नव्हे. ते पाळलं नाही म्हणून विधेयक अडत नाही, पण उत्तरातली तारीख हाती आली की चर्चेत बोलायला मुद्दा मिळतो.

उत्तर आल्यावर शब्द नीट पाहा. ‘प्रस्ताव नाही’ म्हणजे विषय तिथे संपला. ‘विचाराधीन आहे’, ‘माहिती गोळा केली जात आहे’, ‘तपासून पाहू’ अशा शब्दांना मात्र आश्वासनाचं रूप येऊ शकतं. शासकीय आश्वासनांबाबतची समिती असं उत्तर आश्वासन म्हणून नोंदवते आणि मंत्रालयानं ते तीन महिन्यांत पुरं करायचं असतं. मुदतवाढी मागितल्या जातात आणि मिळतातही. पण पुढच्या अधिवेशनात खासदारांनी ‘त्या आश्वासनाचं काय झालं’ असं विचारलं की फाईल पुन्हा वर येते.

प्रश्न: मी कॅनडात राहतो. इथे दर गुरुवारी विरोधी पक्ष सरकारला पुढच्या आठवड्याच्या कामकाजाबद्दल विचारतो आणि उत्तर मिळतं. ब्रिटनमध्येही असंच आहे म्हणतात. आपल्याकडे हे का नाही? (ब्रॅम्प्टन)

दोन्ही देशांतली पद्धत सारखी नाही, म्हणून आधी तो फरक. ओटावात गुरुवारी दुपारी प्रश्नोत्तराची ४५ मिनिटं संपली की अधिकृत विरोधी पक्षाचा सभागृह नेता उठतो आणि उरलेल्या व पुढच्या आठवड्यात काय घेणार, असं विचारतो. सरकारचा सभागृह नेता दिवसवार सांगतो: सोमवारी अमुक विधेयकाचं दुसरं वाचन, गुरुवार विरोधी पक्षाचा दिवस, असं. प्रश्न एकच, उत्तर एकच. अलीकडे दोन्ही बाजू त्यात टोमणे घालतात आणि अध्यक्षांना आवरावं लागतं. उत्तर बंधनकारक नसतं, सरकार क्रम बदलू शकतं.

लंडनमध्ये गुरुवारी सकाळी सभागृह नेते पुढच्या आठवड्याचं पक्कं आणि त्यानंतरच्या आठवड्याचं तात्पुरतं वेळापत्रक वाचतात. मग साधारण तासभर कोणीही सदस्य उठून ‘अमुक विषयावर चर्चा ठेवता येईल का’ असं विचारतो. त्या आवरणाखाली गावचं पोस्ट ऑफिस बंद पडण्यापासून परराष्ट्र धोरणापर्यंत सगळं येतं. चर्चा क्वचितच ठेवली जाते, पण मंत्र्याला प्रत्येकाला तोंडी काहीतरी उत्तर द्यावंच लागतं. जाहीर केलेलं वेळापत्रक बदलायचं असेल तर सभागृह नेत्यानं पुन्हा उभं राहून तसं निवेदन करायची प्रथा आहे, आणि त्यावरही प्रश्न होतात. दिल्लीत त्या जागी पुरवणी कार्यसूचीचा एक कागद निघतो आणि कोणी उभं राहत नाही. आमच्या मते हाच फरक मोठा आहे. शुक्रवार की गुरुवार याला महत्त्व नाही.

दुसरा फरक दिवसांचा. ब्रिटनमध्ये एका अधिवेशन-वर्षात २० दिवस विरोधकांचे असतात: १७ सर्वांत मोठ्या विरोधी पक्षाचे, ३ त्याच्या खालच्याचे. शिवाय २०१० पासून मागच्या बाकांवरच्या सदस्यांसाठी ३५ दिवस वेगळे. कॅनडात वर्षाला २२ दिवस. त्या दिवशी विषय विरोधक ठरवतात, सरकार नाही. आपल्याकडे विरोधी पक्षासाठी असा एकही दिवस नियमात राखून ठेवलेला नाही. नियम १९३ ची चर्चा, लक्षवेधी, स्थगन प्रस्ताव ही साधनं आहेत, पण प्रत्येक साधनाच्या दारात अध्यक्षांची संमती आहे. ती नको असेल तर अविश्वास प्रस्ताव उरतो: ५० सदस्य उभे राहिले की तो दाखल होतो आणि दहा दिवसांच्या आत चर्चेला घ्यावा लागतो. सरकार पडणार नाही हे ठाऊक असूनही विरोधक तो का आणतात, याचं अर्धं उत्तर यात आहे.

प्रश्न: हे सगळं दिल्लीचं झालं. महाराष्ट्र विधानमंडळात पुढच्या कामाबद्दल विचारायची सोय काय? (पत्रकारितेचा विद्यार्थी, नागपूर)

इथे दोन्ही सभागृहांच्या कामकाज सल्लागार समित्या अधिवेशनाचे आठवडे, सुट्ट्या आणि ढोबळ कामकाज ठरवतात. विधानसभेत अध्यक्ष आणि परिषदेत सभापती प्रमुख. पुढचं अधिवेशन कधी, हे चालू अधिवेशनाच्या अखेरीस जाहीर होतं. रोजचा कागद म्हणजे ‘दिवसाच्या कामकाजाचा क्रम’.

महाराष्ट्राची एक चांगली परंपरा आहे: अंतिम आठवडा प्रस्ताव. विधानसभेत नियम २९२ खाली विरोधी पक्ष तो मांडतो आणि अनेक खात्यांचे प्रश्न एकाच प्रस्तावात गुंफतो. नियम २९३ चे प्रस्ताव अधिवेशनात आधीही येतात, सत्ताधाऱ्यांचेही आणि विरोधकांचेही. परिषदेत त्यासाठी नियम २६० आहे. विरोधकांना आपला विषय सभागृहाच्या वेळापत्रकात बसवायची ही जागा, दिल्लीपेक्षा काकणभर जास्त भरवशाची. अडचण अशी की अधिवेशन एका आठवड्याचं असलं तर पहिला आठवडा तोच अंतिम आठवडा. डिसेंबर २०२४ मध्ये नागपूरचं अधिवेशन १६ ते २१ तारखांना झालं आणि मंत्र्यांचं खातेवाटप २१ ला रात्री. कोणत्या मंत्र्याला काय विचारायचं, हेच आठवडाभर ठरलेलं नव्हतं.

लक्षवेधी सूचनांचा इथे सुकाळ असतो. त्यांचा ढीग साचला की सकाळी विशेष बैठक लावली जाते; सभागृहात हजेरी तुरळक, मंत्री एकामागून एक उत्तरं वाचतात. तुम्ही बातमी करणार असाल तर या सकाळच्या बैठकीला जरूर बसा. तिथे दिलेली ‘महिन्याभरात अहवाल मागवू’सारखी वाक्यं पुढे कोणी पाठपुरावा करत नाही म्हणून विरतात.

आणखी एक. पुरवणी मागण्या, म्हणजे अर्थसंकल्पाबाहेरच्या जादा खर्चाच्या मागण्या, बहुतेक वेळा पहिल्याच दिवशी मांडल्या जातात. सरकार पुढे काय करणार आहे, हे अधिवेशनाच्या आदल्या दिवशीच्या चहापानापेक्षा त्या पुस्तिकेतून जास्त कळतं. विरोधक चहापानावर बहिष्कार टाकतात, पुस्तिकेवर कोणी टाकत नाही आणि वाचतही फार थोडे जण.

प्रश्न: ‘उद्याच्या यादीत अमुक विषय का नाही’ असा हरकतीचा मुद्दा खासदार घेऊ शकतो का? (रत्नागिरी)

नाही. नियम ३७६ प्रमाणे हरकतीचा मुद्दा त्या क्षणी सभागृहापुढे असलेल्या कामाबद्दलच घेता येतो. शून्य प्रहरात विषय काढता येईल, पण त्यासाठी सकाळी १० पर्यंत सूचना आणि सोडतीत नंबर लागायला हवा. मंत्री तिथेही उत्तर द्यायला बांधील नसतो.

प्रश्न: घरबसल्या हे सगळं पाहायचं तर कोणते कागद, कोणत्या क्रमानं? (कोल्हापूर)

संसदेच्या ‘संसद डॉट इन’ या संकेतस्थळावर दोन्ही सभागृहांचे कागद मोफत आहेत. अधिवेशनापूर्वी बुलेटिन भाग २ मधली विधेयकांची तात्पुरती यादी उतरवून घ्या. दर शुक्रवारी निवेदनातली विधेयकं तिच्याशी ताडून पाहा. नवं नाव दिसलं तर त्या मंत्रालयाच्या संकेतस्थळावर मसुदा शोधा. रोजची कार्यसूची बहुधा आदल्या संध्याकाळी येते. सकाळी पुन्हा उघडा, ‘सुधारित’ किंवा ‘पुरवणी’ असा शब्द दिसला तर दोन्ही प्रती जवळ ठेवा. बैठक संपल्यावर बुलेटिन भाग १ येतो; त्यात प्रत्यक्षात काय झालं आणि किती वेळ लागला, याची कोरडी नोंद असते. चार तास ठरवून चाळीस मिनिटांत उरकलेली विधेयकं त्यातूनच सापडतात. वृत्तान्त वाचताना पहिली प्रत असंपादित असते, त्यामुळे वाक्य उद्धृत करायचं असेल तर काही दिवस थांबा.